फोन फॉरमॅट करू नका

सांगलीहून एका ताईंनी लिहिलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून पत्राचा गाभा देतो.

"मुलगा दहावीत, नुकतंच सोळावं लागलंय. त्याच्या दप्तरात हायलायटरसारखं काहीतरी सापडलं. हुंगलं तर आंब्याचा वास. व्हेप निघालं. सोशल मीडियावरच्या एका पेजवरून मागवलेलं, कुरियरच्या खोक्यावर 'मोबाइल ॲक्सेसरी'. पैसे माझ्या यूपीआयवरून गेलेत, समोर कुठल्याशा गिफ्ट शॉपचं नाव, म्हणून मला वाटलं मित्राच्या वाढदिवसाचं असेल. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तीनदा मागवलं आणि वर्गातल्या दोघांना वर दोन-दोनशे रुपये लावून दिलं. त्यातल्या एकाचे वडील पोलिसांत जाईन म्हणतात. विक्रेत्याला फोन केला तर तो मलाच दम देतो, 'पेजवर अठरा वर्षांवरील असं लिहिलंय, तुमच्या मुलानं वय खोटं टाकलं, गुन्हा त्याचा. शेवटच्या पार्सलचे साडेतीन हजार बाकी आहेत, ते टाका, नाहीतर चॅट शाळेला पाठवतो.' यजमान म्हणतात फोन फॉरमॅट करून टाक, विषय संपव. माझा भाऊ लंडनला असतो. तो म्हणतो, तिकडे हे दुकानात मिळतं, एवढं काय घाबरायचं? वकीलसाहेब, माझ्या मुलावर केस होईल का? आणि पैसे माझ्या खात्यातून गेले म्हणून माझ्यावर?"

ताई, आधी फोनचं बोलू, कारण तेवढी एकच गोष्ट कदाचित आज रात्रीच घडेल. यजमानांना थांबवा. फोन बंद करून कपाटात ठेवा, चार्जर काढून घ्या, पण त्यातलं एक अक्षरही पुसू नका. का, ते पुढे येईलच.

आता विक्रेत्याच्या 'अठरा वर्षांवरील'चं. ती ओळ वाचून घाबरण्यासारखं काही नाही. आपल्याकडे ई-सिगारेटच्या, म्हणजे व्हेपच्या, कायद्यात वयाचा मुद्दाच येत नाही, कारण इथे ती कोणालाच विकता येत नाही. सोळा वर्षांच्याला नाही तशीच साठ वर्षांच्यालाही नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रानं आधी अध्यादेश काढला, मग त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेचा कायदा झाला. त्याच्या कलम ४ नुसार उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात अशा सगळ्यावर बंदी आहे, आणि विक्री म्हणजे ऑनलाइन विक्रीसुद्धा, हे कायद्यानं वेगळं स्पष्ट केलं आहे. निकोटिन असो वा नसो, नुसता फ्लेवर असो, नाव 'पॉड' ठेवा की 'ई-हुक्का', द्रव तापवून वाफ ओढायचं यंत्र असलं की ते व्याख्येत बसतं. शिक्षा पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे 'आम्ही वय विचारलं होतं' हा त्या माणसाचा बचाव होऊच शकत नाही. उलट विक्री केल्याची ती कबुलीच आहे. तो ते वाक्य बोलला तेव्हा कॉल रेकॉर्ड होत असेल तर ते रेकॉर्डिंग जपून ठेवा.

तुमचे बंधू म्हणतात तेही खोटं नाही, ते फक्त त्यांच्या देशापुरतं खरं आहे. इंग्लंडमध्ये प्रौढांना विक्री चालते, अठराच्या आतल्यांना विकणं गुन्हा आहे, आणि एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर तर १ जून २०२५ पासून तिथेही बंदी आली. म्हणजे वय तपासण्याची जबाबदारी तिथल्या दुकानदारावर येते. आपल्याकडे दुकान असणं हाच गुन्हा. आणि हो, दिवाळीला येताना बॅगेत 'भाच्याला दाखवायला' म्हणून एखादं आणू नका असं त्यांना आजच सांगा. आयातबंदीत वैयक्तिक वापराची सूट दिलेली नाही.

आता मुलाचं. इथे मी गोड बोलणार नाही.

त्यानं स्वतःसाठी विकत घेतलं आणि ओढलं, यावर कलम ४ मध्ये शिक्षा नाही. त्या कलमात 'सेवन' हा शब्दच नाही. साठा ठेवू देण्यावर कलम ५ आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, पण तिथे शब्द 'साठा' आणि 'जाणूनबुजून' असे आहेत. दप्तरात सापडलेलं एक यंत्र म्हणजे साठा नव्हे, असं मी कोर्टात नक्कीच म्हणेन. मात्र जवळ बाळगण्याचा अर्थ सरकारी यंत्रणा कडक लावते, म्हणून ते घरात ठेवून बसू नका.

अडचण आहे ती दोन-दोनशे रुपयांत. वर्गमित्राला पैसे घेऊन दिलं, ती विक्री झाली. नफा किती, याला महत्त्व नाही. फुकट वाटलं असतं तरी वितरण झालं असतं. मुलगा आहे, कळलं नाही, हे सगळं मान्य, पण कलम ४ त्याला लागू शकतं.

लागलं तर काय होईल, हे आता नीट वाचा, कारण तुमची झोप त्यापायीच उडाली असणार. अठराच्या आतलं मूल असल्यामुळे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, नेहमीच्या फौजदारी कोर्टात नाही. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे तो तिथे 'किरकोळ' वर्गात मोडतो. अशा प्रकरणात मुलाला उचलून नेण्याऐवजी पोलिसांनी डायरीत नोंद करायची, घरची-शाळेची माहिती देणारा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल बनवायचा आणि मंडळाकडे पाठवायचा, पालकांना तारीख कळवायची, अशी नियमांची रीत आहे. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. त्याच्याशी बोलायचं ते पोलीस ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यानं, तेही साध्या कपड्यांत.

मंडळ म्हणजे काय, तर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यातली एक स्त्री. उंच चौथरा नाही, आरोपीचा पिंजरा नाही. मी पाहिलेल्या खोलीत एक लांब टेबल होतं, भिंतीवर मुलांनी रंगवलेलं मोराचं चित्र, आणि बाहेर बाकावर बसलेल्या बापांचे चेहरे मात्र सेशन्स कोर्टाबाहेर असतात तसेच. किरकोळ प्रकरणात समज देणं, समुपदेशन, फार तर थोडी समाजसेवा, सहसा इथवरच गोष्ट जाते. त्या नोंदीमुळे पुढे नोकरीत वा प्रवेशात अपात्रता येत नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम २४ मध्ये तसं लिहिलं आहे, आणि ठराविक काळानंतर कागदपत्रं नष्ट करायचीही तरतूद आहे. मुलाचं नाव, फोटो, शाळेचं नाव छापणं वा पसरवणं हा कलम ७४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्या दुसऱ्या मुलाच्या वडिलांनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही टाकायच्या आत कोणीतरी हे त्यांच्या कानावर घातलेलं बरं.

आता परत फोनकडे येऊ. त्यात नेमकं काय आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मुलाला समोर बसवून शांतपणे विचारा, की मित्रांना विकायची कल्पना कोणाची? शेवटचं पार्सल विक्रेत्यानं उधार दिलं यावरून मला वास येतोय. अनोळखी माणूस सोळा वर्षांच्या पोराला साडेतीन हजारांचा माल उधार का देईल? 'चार गिऱ्हाइकं आण, एक तुला फ्री', 'तुझ्या शाळेत तूच बघ', अशा धर्तीचं काही चॅटमध्ये असेल, तर चित्र पार पालटतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ आहे. अठराच्या आतल्या मुलाला गुन्हा करण्यासाठी कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची शिक्षा, शिवाय मुलाच्या हातून झालेल्या गुन्ह्याची शिक्षाही त्यालाच, जणू तो त्यानंच केला. जे चॅट तुमच्या यजमानांना मुलाविरुद्धचा पुरावा वाटतं, तेच त्या माणसाच्या गळ्यात अडकवायचा दोर आहे. ते पुसलं तर मुलाची बाजूही पुसली जाईल, आणि पुरावा नाहीसा केल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ यजमानांच्या दारात येईल ते वेगळंच. शिवाय विक्रेत्याकडे त्याची प्रत आहेच. तो त्यातलं सोयीचं तेवढंच दाखवेल.

अल्पवयीनांना तंबाखूजन्य पदार्थ देण्याबद्दल बाल न्याय कायद्याचं कलम ७७ कोणीतरी तुम्हाला सुचवेल. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे म्हणून ते ऐकायला जबरदस्त वाटतं. माझं मत थोडं सावध आहे. व्हेपमधला द्रव 'तंबाखूजन्य पदार्थ' ठरतो का, यावर समोरचा वकील वाद घालेल आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागेल. दुसरं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यातले तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र झाले आहेत, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही. मुलांच्या रक्षणाच्या कायद्यात ही दुरुस्ती का केली, ते मला आजतागायत पटलेलं नाही. तरी कलम ७७ तक्रारीत घालाच, पण ते एकटं घेऊन ठाण्यात जाऊ नका. ई-सिगारेट कायद्याचं कलम ४ दखलपात्र आहे, आणि एक गुन्हा दखलपात्र असला की सोबतचे अदखलपात्र गुन्हेही तसेच तपासायचे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ सांगतं. ठाणे अंमलदार 'ही एनसी (अदखलपात्र तक्रार) आहे' म्हणाले तर हे कलम तोंडपाठ असू द्या.

साडेतीन हजारांची मागणी हा तर त्यानं स्वतःच्या पायावर मारलेला धोंडा. बेकायदा मालाचा व्यवहार करार कायद्याच्या कलम २३ नुसार रद्दबातल, त्यात गिऱ्हाईक अज्ञान (म्हणजे अल्पवयीन), आणि अज्ञानाचा करार मुळातच शून्य हे तर १९०३ सालच्या मोहोरी बीबी खटल्यापासून ठरलेलं आहे. एक रुपयाही देणं लागत नाही. 'नाही दिलेत तर शाळेला पाठवतो' ही धमकी म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ ची खंडणी. आधी गेलेले पैसे मात्र परत मिळतील या आशेवर राहू नका. बेकायदा सौद्याचे पैसे वसूल करून द्यायला कोर्ट सहसा हात पुढे करत नाही.

तुमच्या खात्यातून पैसे गेले म्हणून तुम्ही गुन्हेगार होत नाही. तुम्हाला माहीतच नव्हतं. पण तो व्यवहार फार उपयोगाचा आहे. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव, कुरियरचा बिल क्रमांक, खोकं, त्यावरचं लेबल, यातून माणूस सापडतो. पेज रात्रीत नाव बदलतं, बँक खातं इतक्या सहज बदलत नाही. खोकं रद्दीत गेलं असेल तर आजच शोधा. पेजचे, स्टोरीचे, चॅटचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोननं काढा, तारीख-वेळ दिसेल असे. पुढे कोर्टात नुसत्या स्क्रीनशॉटला किंमत नसते, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी मूळ फोन शाबूत हवा.

पोलिसांत जायचं का? माझ्या मते होय, आणि त्या दुसऱ्या वडिलांच्या आधी. त्यांनी आधी तक्रार दिली तर तुमचा मुलगा 'विकणारा' म्हणून कागदावर येईल. तुम्ही आधी गेलात तर तो 'वापरला गेलेला' म्हणून येईल. घटना एकच असली तरी पहिला कागद कोणाचा, यावर पुढचं पुष्कळ ठरतं. मात्र एकट्या जाऊ नका आणि मुलाचा जबाब वकिलाशिवाय लिहून देऊ नका. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. चॅट किती आणि कसं पुढे ठेवायचं ते स्थानिक वकील फोन समोर ठेवून ठरवतील. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरण आहे, स्त्रिया आणि मुलं यांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. यंत्र घरात असेल तर पाकिटात घालून वकिलामार्फत ठाण्यातच जमा करा आणि पावती घ्या. झडती-जप्तीचा अधिकार फौजदार किंवा त्याहून वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला आहे. तक्रार घ्यायला नकार मिळाला तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालानं, आणि तिथेही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पेजची माहिती केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०२३ मध्ये सुरू केलेल्या उल्लंघन नोंदवायच्या पोर्टलवर आणि त्या सोशल मीडिया कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेही द्या. पण स्क्रीनशॉट आधी, तक्रार नंतर. पेज उडालं की पुरावाही उडतो.

त्या दोन मित्रांच्या पालकांना भेटाच. चारशे रुपये परत करा, पण 'नुकसानभरपाई' म्हणून मोठी रक्कम मागितली तर देऊ नका आणि कुठल्याही कागदावर सही करू नका. त्यांचीही मुलं याच माणसाची गिऱ्हाइकं आहेत, एकत्र तक्रार झाली तर सगळ्यांच्याच सोयीचं.

शाळेला शिस्तीची कारवाई करता येते, मात्र मुलाचं आणि तुमचं म्हणणं ऐकून. दहावीचं वर्ष आहे, हॉलतिकीट अडवण्याची भाषा झाली तर लेखी मागा आणि जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. बहुतेक वेळा 'लेखी द्या' म्हटलं की भाषा बदलते.

एक गोष्ट मुलाला विचाराच, मला उत्तर कळवायची गरज नाही, तुमच्या वकिलांना सांगा. द्रवात गांजाचं तेल किंवा तसलं काही होतं का? तसं असेल तर अमली पदार्थांचा कायदा लागतो आणि वर लिहिलेल्यातलं बरंच काही नव्यानं तपासावं लागेल. सवय लागली असेल तर तंबाखू सोडवण्याची राष्ट्रीय हेल्पलाइन १८०० ११ २३५६ मोफत आहे. तिथे नाव सांगावं लागलं तरी ते पोलिसांकडे जाईल या भीतीनं फोन टाळू नका.

वकिलांकडे जाताना फोन बंद अवस्थेत, खोकं, यूपीआयच्या सगळ्या व्यवहारांचे प्रिंट आणि मुलाचा जन्मदाखला न्या. शाळा सोडल्याचा दाखला किंवा आधार कार्ड पुरेल असं कोणी म्हटलं तरी जन्मदाखलाही घ्या. मंडळासमोर वयाचा प्रश्न निघाला तर तो कागद हाताशी असलेला बरा.