'अकॉमोडेट'मध्ये एम किती?

तुमचा प्रश्न असा की, तारकर्लीच्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या आहेत, दारात बोर्ड लावायचा आहे, पण आजूबाजूच्या तीन बोर्डांवर 'अकॉमोडेट' तीन तऱ्हांनी लिहिलेलं दिसलं. मग बरोबर कोणतं? आणि 'वुई कॅन अकॉमोडेट टू एट पर्सन्स' हे वाक्य चालेल का?

आधी उत्तर देतो, पुराण नंतर. ए, सी, सी, ओ, एम, एम, ओ, डी, ए, टी, ई. एकूण ११ अक्षरं. सी दोन, एम दोन, डी मात्र एकच. 'अकॉमोडेशन' लिहाल तेव्हा शेवटचा ई जातो आणि आय-ओ-एन येतं, म्हणजे १३ अक्षरं. आणि तुमच्या वाक्यातला तो 'टू' काढून टाका.

आता पुराण. मी मालवणात बोर्ड रंगवतो. म्हणजे पूर्वी रंगवायचो, आता बहुतेक फ्लेक्स छापतो. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि पुढे हळूहळू घराघरांवर 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' झळकायला लागली. मराठीत लिहायचं तोवर सगळं ठीक होतं. मग मुंबई-पुण्याकडचे पाहुणे वाढले, 'खाली विंग्रजीत पण घाल' अशी मागणी आली, आणि मी बरीच वर्षं एकाच एमवर धंदा केला. कुणी काही बोललं नाही, कारण ज्यांनी बोर्ड करून घेतला त्यांनाही तो एकच एम पाठ होता.

ही चूक पसरते कशी, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला नीट माहीत असतं. गिऱ्हाईक शेजारच्या बोर्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतं, 'असाच कर, फक्त नाव बदल'. आम्ही कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली जुनी फाईल उघडतो, नाव आणि फोन नंबर बदलतो, 'सेव्ह ॲज' करतो. त्या फाईलमधली अक्षरं आधीच कंट्रोल-क्यू मारून कर्व्ह केलेली असतात, म्हणजे संगणकाच्या लेखी ती अक्षरं राहिलेलीच नसतात, नुसत्या आकृत्या असतात. आकृतीखाली स्पेलिंग चुकल्याची लाल रेघ कोण मारणार? एका फाईलची चूक अशी देवबागपासून वर आचऱ्यापर्यंत जाते.

मला शहाणपण आलं ते देवबागच्या एका काकींमुळे. त्यांचा पत्र्यावरचा ऑइल पेंटचा बोर्ड मीच रंगवला होता, हाताने, खडूने रेघा आखून. एक दिवस दुकानात येऊन म्हणाल्या, "झिला, माज्या बोर्डार एक एम कमी आसा म्हणता तो मुंबयवालो. पैशे मात्र तू पुरे घेतलंस!" मी म्हटलं, नवीन करून देतो, फुकट. "नवो नको. ह्यातच खंय तरी बसव त्याका." मग ओ आणि एमच्या फटीत बारीक ब्रशने दुसरा एम उभा केला. एसटीच्या दोघांच्या सीटवर तिसरा टेकतो तसा, अर्धा बाहेर. अकॉमोडेट म्हणजे काय, याचं इतकं चांगलं चित्र मी पुन्हा कधी काढलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्या बाकावर नेहमी पेपर वाचायला येणाऱ्या निवृत्त गुरुजींना विचारलं, की बाबा हे दोन-दोन कशाला? ते आयुष्यभर मराठी आणि संस्कृत शिकवत आले. म्हणाले, ही संधी आहे, दुसरं काही नाही. लॅटिनमध्ये 'ॲड' म्हणजे कडे, 'कॉम' म्हणजे सह, 'मोडुस' म्हणजे माप. उत् अधिक चार म्हटलं की त् चा च् होतो आणि 'उच्चार' होतो ना? तसंच 'ॲड'च्या पुढे 'कॉम' आला की ॲडमधला डी सी होऊन बसतो. म्हणून सी दोन. आणि 'कॉम'चा शेवटचा एम व 'मोडुस'चा पहिला एम शेजारी आले, म्हणून एम दोन. सम् अधिक मेलन. मराठीत आपण 'संमेलन' लिहितो, एक म टिंबात लपवतो. इंग्रजीकडे लपवायला टिंब नाही, तिला दोन्ही उघडे ठेवावे लागतात.

म्हणजे कुठलंच अक्षर उगाच आलेलं नाही. चौघांचंही घर ठरलेलं आहे.

हे एकदा कळलं की शेजारचे शब्दही सुटतात. 'रेकमेंड' घ्या. तिथे सुरुवातीला 'रे' आहे, त्याला शेवटी व्यंजनच नाही, मग सी होणार कशाचा? म्हणून सी एक, एम दोन. अकॉमोडेट सुधारल्यावर माणसं उत्साहात रेकमेंडलाही दोन सी लावतात, मीही लावलेत. 'अकंपनी'मध्ये उलटं: सी दोन, पण एम एक, कारण कॉमच्या पुढे पी आहे. तिथला 'पानिस' म्हणजे भाकरी, आणि कंपनी म्हणजे सोबत भाकरी खाणारी माणसं, असंही गुरुजींनी सांगितलं. पण तेव्हा चहा आला आणि विषय माशांच्या भावावर गेला.

पाठ राहत नसेल तर माझी युक्ती देतो. इंग्रजी माणूस जोड व्यंजन लिहितो पण एकदाच बोलतो, म्हणून कानाला काही पत्ता लागत नाही. आपण मात्र लिहिलं तसं बोलतो: अक्का, चक्का, अम्मा. तेव्हा लिहिताना मनातल्या मनात 'अक्कॉम्मोडेट' म्हणा. गिऱ्हाइकासमोर मोठ्याने म्हणू नका. दुसरी खूण जरा ओशाळवाणी आहे पण विसरता येत नाही. या शब्दाच्या पोटात कमोड आहे. खरोखरच आहे, फक्त त्याचा शेवटचा ई सोडून: सी, ओ, एम, एम, ओ, डी. आणि नातंही खरं आहे, लॅटिनमधल्या 'कोमोडुस'चा अर्थ सोयीचा, मापात बसणारा. त्यावरून फ्रेंचांनी 'कमोड' केलं. तुमच्या बोर्डावर 'वेस्टर्न कमोड' लिहिणारच असाल तर वरच्या ओळीतले एम तिथूनच मोजा.

आता वापर. 'अकॉमोडेट' या क्रियापदाला आपली 'सोय' जवळजवळ तंतोतंत बसते: सोय करणं, सामावून घेणं, जागा करून देणं. माणसांची सोय करायची असेल तर मध्ये 'टू' लागत नाही. मराठीत आपण 'आठ जणांना' म्हणतो, तो 'ना' डोक्यात असतो आणि इंग्रजीत 'टू' होऊन टपकतो. 'द हाऊस कॅन अकॉमोडेट एट पीपल', बस. विनंतीलाही हेच चालतं: श्रावणात शाकाहारी जेवण द्याल का, पहाटेच्या गाडीने येतोय, खोली लवकर मिळेल का, अशी विनंती तुम्ही 'अकॉमोडेट' करता, म्हणजे तिच्यासाठी आपलं वेळापत्रक थोडं हलवता. 'टू' लागतो तो स्वतः बदलून जुळवून घेण्याच्या अर्थी, जसा डोळा जवळच्या अंतराला जुळवून घेतो. बोर्डावर त्याचं काम नाही.

'अकॉमोडेशन'ला आपल्याकडे, म्हणजे ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत, शेवटी एस लावू नका, पुढे 'ॲन'ही नको. अमेरिकन लोक 'अकॉमोडेशन्स' म्हणतात, ते त्यांच्याकडे बरोबर आहे. भूतकाळात 'अकॉमोडेटेड' लिहाल तेव्हा टी एकच. दोन-दोनची सवय लागली की हात तिथेही घसरतो.

आणि 'अकॉमोडेटिंग' वेगळंच प्रकरण. आमच्या ओळखीच्या एका वहिनींना पाहुण्याने ऑनलाइन लिहिलं, 'होस्ट व्हेरी अकॉमोडेटिंग'. वहिनींना वाटलं, खोलीत माणसं कोंबली अशी तक्रार आहे. रात्रभर झोप नाही. सकाळी फोन: "अहो, चौघांना एक खोली दिली ती त्यांनीच मागितली होती!" त्यांना समजावून सांगावं लागलं की ही स्तुती आहे, अडीअडचण समजून घेणारं, सांभाळून घेणारं माणूस, असा अर्थ. आपल्यात म्हणतात ना, सोय जाणे तो सोयरा. तेच.

तुमच्या बोर्डाचं म्हणाल तर वर मोठ्या अक्षरात 'राहण्याची सोय' ठेवा, खाली 'अकॉमोडेशन फॉर एट' पुरे. वाक्य लांबवलं की अक्षरं बारीक होतात आणि तारकर्लीच्या रस्त्यावरून गाडीतल्या माणसाला वाचता येत नाहीत. जो कोणी बोर्ड करणार असेल त्याला मजकूर कागदावर कॅपिटलमध्ये लिहून द्या, शेजारच्या बोर्डाचा फोटो पाठवू नका. आणि छापायच्या आधी प्रूफ मागून एम मोजा. फ्लेक्समध्ये मागाहून ब्रशने एम घुसवता येत नाही, अख्खा नवीन छापावा लागतो, आणि त्याचे पैसे आम्ही लावतो.