अमेरिकेत खेड्यातल्या मताला शहरातल्या मतापेक्षा जास्त वजन असतं, हे न्याय्य आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेच्या निवडणुकीत ग्रामीण मतदाराचं मत शहरी मतदारापेक्षा जड पडतं हे खरं का, आणि खरं असेल तर ते न्याय्य आहे का. शेवटी एक ओळ टाकली आहे: "मग कॅलिफोर्नियातल्या माणसाने वायोमिंगला राहायला जावं का?" त्या ओळीकडे शेवटी येते.

माझं मत आधीच सांगते. हे न्याय्य नाही. खेडी शहरांवर राज्य करतात अशी शहरी लोकांची नेहमीची तक्रार असते, पण माझं कारण ते नाही. वजन खेड्याच्या नावावर टाकलं जातं आणि वापरतं भलतंच कुणी, हे मला जास्त खटकतं.

मी जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला, फुल्टन काउंटीत राहते. जॉर्जियात 159 काउंट्या आहेत, म्हणजे आकाराने साधारण आपल्या तालुक्यासारख्या. तुमच्या प्रश्नाचं भांडण इथे एकदा अगदी उघडउघड झालेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

1917 च्या कायद्याने इथे 'काउंटी युनिट' पद्धत पक्की केली. राज्यात तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय कुणी निवडून येतच नसे, त्यामुळे पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक. त्या निवडणुकीत राज्यभरची मतं एकत्र मोजायचीच नाहीत. काउंटीत जो पहिला येईल त्याला त्या काउंटीची सगळी युनिटं. सर्वांत मोठ्या 8 काउंट्यांना प्रत्येकी 6 युनिटं, त्यानंतरच्या 30 काउंट्यांना प्रत्येकी 4, आणि उरलेल्या 121 काउंट्यांना प्रत्येकी 2. बेरीज 410. नुसत्या लहान काउंट्यांचीच 242 होतात. म्हणजे अटलांटा, सवाना, ऑगस्टा, मेकन ही सगळी शहरं एका बाजूला उभी राहिली तरी ती काठावरसुद्धा पोचत नसत.

1946 साली गव्हर्नरपदासाठी जेम्स कार्मायकल यांना सर्वांत जास्त मतं पडली. युनिटं मात्र 242 मिळाली युजीन टॅल्मेज यांना, कार्मायकलना 146. टॅल्मेज जिंकले. ज्या काउंटीत ट्राम धावते तिथल्या मतांची आपल्याला गरज नाही, असं ते सांगत फिरायचे म्हणतात. हिशेब त्यांना पाठ होता.

1960 च्या जनगणनेत फुल्टनची लोकसंख्या होती 5,56,326 आणि युनिटं 6. फ्लोरिडाच्या सीमेला लागून असलेल्या एकोल्स काउंटीची लोकसंख्या 1,876 आणि युनिटं 2. भागाकार केलात तर एकोल्सच्या एका माणसाचं वजन फुल्टनच्या 99 माणसांएवढं भरतं. हा आकडा माझा नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. फुल्टनच्याच जेम्स सँडर्स नावाच्या मतदाराने खटला भरला. केंद्र सरकारची बाजू मांडायला ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी स्वतः उभे राहिले. मार्च 1963 मध्ये न्यायमूर्ती डग्लस यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवणारा निकाल दिला आणि 'एक व्यक्ती, एक मत' हे शब्द त्या निकालातून सगळ्या देशाला तोंडपाठ झाले.

दोन वर्षांपूर्वी फ्लोरिडाला जाताना मी मुद्दाम वाट वाकडी करून एकोल्स काउंटीत गेले. दोन्ही बाजूंना पाइनची राखलेली झाडं, मध्येच भाजीपाल्याची लांबच लांब शेतं, वाकून तोडणी करणारे मजूर, कडेला उभी असलेली त्यांची जुनी बस. स्टेटनव्हिलला एक छोटं कोर्ट आहे. मी दहा मिनिटं गाडीजवळ उभी राहिले तर तेवढ्यात तीन ट्रक गेले, आणि तिन्ही चालकांनी हात केला. माझं माहेर कऱ्हाडजवळचं आहे. अनोळखी गाडी दिसली की आमच्याकडेही माणसं अशीच थांबून बघतात. या लोकांकडे 99 पट वजन होतं, आणि त्या पंचेचाळीस वर्षांत त्यांना त्यातून काय मिळालं, हा प्रश्न मला तिथे पडला.

आता शेजारच्या अलाबामाचं बघा, कारण उत्तर तिथे जास्त स्पष्ट दिसतं. तिथल्या राज्य सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहात, बर्मिंगहॅम शहराच्या जेफरसन काउंटीला, 6 लाखांहून जास्त लोकांना, एक सिनेटर होता. लाउंड्स काउंटीला, 15,417 लोकांना, तोही एकच. कागदावर लाउंड्सचं मत चाळीस पट जड. पण लाउंड्समध्ये पाचातले चार लोक कृष्णवर्णीय होते, आणि 1965 सुरू झालं तेव्हा त्यांच्यापैकी एकाचंही नाव मतदारयादीत नव्हतं. कापूस वेचणाऱ्या, खंडाने जमीन कसणाऱ्या त्या सगळ्या माणसांची डोकी मोजली गेली होती, सिनेटरची खुर्ची त्यांच्याही जिवावर होती, आणि मत टाकायला जात होते मूठभर जमीनमालक. ग्रामीण वजन म्हणतात ते हे. मापातच पाप होतं.

आणि हे काही अलाबामाने शोधून काढलेलं नाही. 1787 मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिताना गुलामांना तीन पंचमांश धरून मोजायचं ठरलं. त्यातून दक्षिणेकडच्या राज्यांना हाउसमध्ये, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, जास्त जागा मिळाल्या, आणि इलेक्टरांची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची, संख्या त्या जागांवरून ठरत असल्यामुळे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही जास्त वजन मिळालं. ज्यांच्या संख्येवर ते मिळालं त्यांना मत नव्हतं.

अलाबामाच्या या जागावाटपावरही खटला झाला. त्यात 1964 साली सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलं की लोकप्रतिनिधी माणसांचे असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हेत. त्या निकालानंतर राज्यांच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येनुसार आखावे लागले. पण हा न्याय वॉशिंग्टनच्या दारात थांबतो. देशाचं सिनेट आणि इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे इलेक्टरांचं मंडळ, यांना तो लागू होत नाही, कारण ती दोन्ही घटनेतच लिहून ठेवलेली आहेत.

सिनेट समजायला आपली राज्यसभा डोळ्यांसमोर आणा. महाराष्ट्राच्या तिथे 19 जागा आहेत, गोव्याची 1. अमेरिकेचा नियम लावला तर दोघांनाही 2-2 मिळाल्या असत्या. 16 जुलै 1787 ला ही तडजोड मंजूर झाली ती 5 राज्यं विरुद्ध 4 अशी, आणि मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी निम्मे-निम्मे फुटले होते. तेव्हा सर्वांत मोठं राज्य व्हर्जिनिया हे सर्वांत लहान डेलावेअरच्या बारा-तेरा पट होतं. आज कॅलिफोर्निया वायोमिंगच्या 68 पट आहे. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत प्रत्येक राज्याला हाउसच्या जागा अधिक सिनेटच्या 2 एवढे इलेक्टर मिळतात. वायोमिंगला 3, म्हणजे सुमारे 1 लाख 92 हजार माणसांमागे एक. कॅलिफोर्नियाला 54, म्हणजे सुमारे 7 लाख 32 हजारांमागे एक. जवळजवळ चौपट फरक.

इथपर्यंत वाचून लोक म्हणतात, बघा, खेड्याला जास्त वजन. पण नीट बघा, हे वजन लहान राज्याला आहे. ऱ्होड आयलंड हे बहुतांशी शहरी राज्य, त्यालाही ते मिळतं. डेलावेअरलाही. उलट ग्रामीण माणसं संख्येने सर्वांत जास्त कुठे आहेत? टेक्सासमध्ये, 47 लाख. वायोमिंगच्या सगळ्या लोकसंख्येच्या आठ पट. टेक्सासच्या त्या शेतकऱ्याचं सिनेटमधलं वजन ह्यूस्टनच्या माणसाएवढंच हलकं आहे. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत बदाम, द्राक्षं, टोमॅटो पिकवणाऱ्यांचंही तेच. 2020 साली ट्रम्प यांना सर्वांत जास्त मतं कोणत्या राज्यात पडली? टेक्सासपेक्षाही जास्त, कॅलिफोर्नियात. 60 लाखांवर. त्यांतून त्यांना एकही इलेक्टर मिळाला नाही, कारण मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर सगळीकडे जिंकणारा सगळं नेतो. काउंटी युनिटचंच हे मोठं रूप आहे, आणि यात खेड्यातले लाखो लोक बुडतात.

एक गोष्ट मात्र खरोखर खेडी विरुद्ध शहरं अशीच घडली, आणि तिची चर्चा फार कमी होते. 1920 च्या जनगणनेत पहिल्यांदा शहरी लोकसंख्या निम्म्याच्या वर गेली. घटनेप्रमाणे दर दहा वर्षांनी हाउसच्या जागा राज्यांमध्ये नव्याने वाटायच्या. त्या दशकात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्या वाटल्याच नाहीत. ग्रामीण भागातल्या सदस्यांना आपल्या जागा जातील ही भीती होती, आणि अडवाअडवीत पूर्ण दशक गेलं. 1929 मध्ये कायदा झाला तेव्हा हाउसच्या जागांचा 435 हा आकडा तसाच गोठला. 1910 मध्ये एका सदस्यामागे 2 लाख 10 हजार माणसं होती, आता 7 लाख 61 हजार आहेत. आपल्याकडे लोकसभेच्या जागांचं वाटप 1971 च्या जनगणनेवर अडकून राहिलं, त्यावरून दक्षिण आणि उत्तर यांच्यात जी ओढाताण चालते ती तुम्ही वाचली असेलच. दुखणं त्याच जातीचं आहे.

आता दुसरी बाजू. माझ्या ऑफिसात एक सहकारी आहे, दक्षिण जॉर्जियात शेतावर वाढलेली. दर थँक्सगिव्हिंगनंतर ती माझ्यासाठी घरच्या पिकान नटांची पिशवी आणते, सोललेले, वरून मीठ लावून भाजलेले. तिच्या काउंटीत बाळंतपणाची सोय राहिलेली नाही. तिच्या भावजयीला कळा सुरू झाल्या तेव्हा रात्री दोन वाजता 50 मैल गाडी हाकावी लागली. ती मला म्हणाली, "नुसती डोकी मोजलीत तर आम्हाला कोण विचारणार? अटलांटाला आमच्या रस्त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत."

हे मला पटतं. संख्येने कमी असलेल्या माणसाला चेंगरून जाण्याची भीती असते, आणि ती खोटी नसते. मी स्वतः खेड्यातून आले आहे, पाण्याची पाळी रात्रीच का येते हे मला ठाऊक आहे. पण मी तिला उलट विचारलं, की सिनेटमधलं वजन तुला कुठे मिळतं? जॉर्जियाची लोकसंख्या 1 कोटी 7 लाख, सिनेटर 2. तू मोठ्या राज्यातली आहेस. तुझं आणि माझं वजन सारखंच कमी आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, हे मी असं कधी बघितलंच नव्हतं.

ग्रामीण मत हलकं पडतं अशीही एक जागा आहे, आणि ती सांगायलाच हवी. मतदारसंघ आखताना सगळी माणसं मोजतात, मत नसलेलीसुद्धा. टेक्सासच्या दोन मतदारांनी यावरच खटला भरला होता. शहरी मतदारसंघात नागरिक नसलेले लोक पुष्कळ, त्यामुळे तिथे थोड्याच मतदारांना एक पूर्ण प्रतिनिधी मिळतो, असं त्यांचं म्हणणं. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 8-0 असा निकाल त्यांच्या विरोधात दिला. सगळी माणसं मोजायला हरकत नाही, म्हणाले. 2010 च्या जनगणनेत मी इथे एच-वन-बी व्हिसावर होते. फॉर्म मीच भरला. आमच्या सोसायटीत तेव्हा निम्मी घरं मराठी आणि तेलुगू, कुणालाच मत नाही, आणि आम्ही सगळे फुल्टनच्या वजनात मोजले गेलो. तरी निकाल मला योग्य वाटतो, कारण रस्ता, शाळा, पाणी मीही वापरत होते. पण त्या फिर्यादींना राग का आला असेल, हे मला कळतं.

बदल होणार का? 1969 मध्ये थेट लोकमताने राष्ट्राध्यक्ष निवडायची घटनादुरुस्ती हाउसमध्ये 338 विरुद्ध 70 मतांनी मंजूर झाली होती. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये ती लांबलचक भाषणांनी अडवली गेली, आणि अडवण्यात दक्षिणेतले सिनेटर पुढे होते. सिनेटच्या समान जागांना तर घटनेचं कुलूपच आहे: एखाद्या राज्याची समान जागा त्याच्या संमतीशिवाय काढता येत नाही. मला विचाराल तर आधी हाउसच्या जागा वाढवाव्यात. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, साधा कायदा पुरतो. जागा वाढल्या की मोठ्या राज्यांचे इलेक्टर वाढतात आणि तफावत थोडी कमी होते. आणि मोठ्या राज्यातल्या खेड्यांनाही लहान, स्वतःचा म्हणावा असा मतदारसंघ मिळू शकतो. माझ्या सहकारीलाही हे पसंत आहे, आणि आमची मतं वेगवेगळ्या पक्षांना जातात.

आता वायोमिंग. कागदावर तुमचं वजन जवळजवळ चौपट होईल. पण वायोमिंगने राष्ट्राध्यक्षासाठी डेमोक्रॅटिक उमेदवाराला शेवटचं निवडलं ते 1964 साली. तिथे जाऊन तुम्ही कुणालाही मत दिलंत तरी ते 3 इलेक्टर कुठे जाणार हे आदल्या दिवशीच माहीत असतं. मी राष्ट्राध्यक्षासाठी पहिल्यांदा मत दिलं 2020 मध्ये, ऑक्टोबरात, वाचनालयातल्या केंद्रावर. नवरा माझ्या मागे रांगेत होता, बाहेर पडताना दोघांनाही पीचचं चित्र असलेला स्टिकर मिळाला. जॉर्जियात जवळजवळ 50 लाख मतं पडली आणि 16 इलेक्टर ठरले 11,779 मतांच्या फरकाने. त्या मतमोजणीचे आकडे आम्ही चार दिवस जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून बघत होतो.