वाचकांचे प्रश्न : विंडोजच्या बिघडलेल्या फायली

(कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा आणि प्रत्येक ‘/’ या तिरक्या रेघेआधी एक जागा मोकळी सोडा, ‘\’ या उलट्या रेघेआधी मात्र नको.)

प्रश्न : घरच्या डेस्कटॉपवर विंडोज 11 आहे. काम चालू असताना वीज गेली, तेव्हापासून स्टार्ट मेनू उघडत नाही आणि सेटिंग्ज उघडली की लगेच मिटते. ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ चालवलं. काही खराब फायली सापडल्या, पण दुरुस्त करता आल्या नाहीत, असा संदेश आला. विंडोज नव्याने टाकावं लागेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्यात नको. एसएफसी विंडोजच्या संरक्षित फायली एकेक करून तपासतं. एखादी बिघडलेली सापडली, की तिची चांगली प्रत सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या ‘विनएसएक्सएस’ या कोठारातून आणून बसवतं. तुमच्याकडे बहुधा कोठारातलीच प्रत खराब झाली आहे. अशा वेळी एसएफसी दहा वेळा चालवलं तरी उत्तर तेच येणार. आधी कोठार नीट करायचं, आणि ते काम डिसमचं, म्हणजे डी-आय-एस-एमचं.

स्टार्ट मेनू बंद असला तरी अडत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘रन न्यू टास्क’ निवडा, चौकटीत ‘सीएमडी’ टाइप करा आणि खालच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या चौकोनात न विसरता टिक करा. ती राहिली तर डिसम ‘एरर 740’ दाखवून थांबतं. काळी खिडकी उघडली की टाइप करा :

डिसम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

‘एरर 87’ आली तर बहुतेक वेळा टाइप करण्यातच चूक असते. क्लीनअप आणि इमेज यांच्यात फक्त आडवी रेघ हवी, जागा नको. इंटरनेट चालू ठेवा, कारण चांगल्या फायली विंडोज अपडेटकडून उतरतात. टक्केवारी मध्येच, पुष्कळदा 62.3 वर, बराच वेळ अडून राहते. लोक नेमकी तेव्हाच खिडकी बंद करतात आणि केलेलं सगळं वाया जातं. अर्धा-पाऊण तास तरी थांबा. काम पुरं झालं की कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि मगच पुन्हा ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ चालवा.

तरीही एखादी फाइल अडलीच, तर ती कोणती हे विंडोज फोल्डरमधल्या लॉग्ज, त्यातल्या सीबीएस फोल्डरमधली सीबीएस डॉट लॉग ही फाइल सांगते. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘कॅनॉट रिपेअर’ हे शब्द शोधा. एसएफसीच्या ओळींवर चौकटी कंसात ‘एसआर’ लिहिलेलं असतं.

प्रश्न : डिसम 0x800एफ081एफ हा एरर देऊन थांबतं. इंटरनेट व्यवस्थित आहे. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चांगल्या फायली कुठून घ्यायच्या हे त्याला सापडलेलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तुमच्याच आवृत्तीची आणि तुमच्याच भाषेची आयएसओ फाइल, म्हणजे विंडोजची अख्खी इन्स्टॉलेशन डिस्क एका फाइलमध्ये, उतरवा. विंडोज 11 वर 10 ची आयएसओ चालत नाही. फाइलवर डबल क्लिक केलं की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसू लागते. तिला ‘ई’ अक्षर मिळालं असं धरू. मग पहिल्या उत्तरातलीच ‘रिस्टोअरहेल्थ’ची कमांड लिहून तिच्या शेवटी जोडा :

/सोर्स:विम:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम:1 /लिमिटअ‍ॅक्सेस

शेवटचा 1 म्हणजे आयएसओमधल्या आवृत्तीचा क्रमांक. होम आणि प्रो यांचे क्रमांक वेगळे असतात, म्हणून आधी ‘डिसम /गेट-विमइन्फो /विमफाइल:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम’ चालवून यादी बघून घ्या. सोर्सेस फोल्डरमध्ये विमऐवजी ‘इन्स्टॉल.ईएसडी’ असेल, तर ‘सोर्स:विम:’ आणि ‘इन्स्टॉल.विम’ यांतल्या विमच्या जागी ईएसडी लिहा; ‘गेट-विमइन्फो’ आणि ‘विमफाइल’ मात्र तसेच राहू द्या.

यानेही जमलं नाही, तर विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट’ हा पर्याय आहे. त्याने विंडोज नव्याने बसतं, पण प्रोग्रॅम, फोटो, कागदपत्रं जागच्या जागी राहतात. फॉर्मॅट करण्याआधी हे नक्की करून बघा. दुकानात ‘फॉर्मॅट मारावा लागेल’ असं ऐकून घरच्या फोटोंवर पाणी सोडण्याची काहीच गरज नसते.

प्रश्न : एसएफसी दर वेळी ‘दुरुस्त केलं’ म्हणतं. महिन्याभरात पुन्हा फायली खराब. – एक वाचक, नागपूर

उत्तर : फायली आपोआप बिघडत नाहीत. डिस्क, रॅम किंवा वारंवार जाणारी वीज, यांतलं काहीतरी त्या बिघडवत असतं. सगळ्यात आधी महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. हे काम पुढच्या कुठल्याही तपासणीच्या आधी व्हायला हवं, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर खोल तपासणीचा ताण पडला की ती मध्येच बसू शकते.

मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत ‘सीएचकेडीएसके सी: /स्कॅन’ चालवा. याला रीस्टार्ट लागत नाही. ‘/स्कॅन’ऐवजी ‘/आर’ लावलं तर डिस्कचा कोपरा न् कोपरा तपासला जातो. त्याला रीस्टार्ट लागतो आणि मोठ्या हार्ड डिस्कवर कित्येक तास जातात, म्हणून रात्री लावा. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या सिस्टिम विभागात ‘डिस्क’ या नावाने 7 क्रमांकाची नोंद पुन्हा पुन्हा दिसली, तर डिस्कवर खराब ब्लॉक आहेत. ती बदला, दुरुस्तीच्या मागे लागू नका.

डिस्क चांगली निघाली, तर ‘एमडीस्केड’, म्हणजे एम-डी-एस-सी-एच-ई-डी, चालवून रॅम तपासा. दोष दिसला आणि पट्ट्या दोन असल्या, तर एकेक काढून पुन्हा तपासा. दोषी पट्टी सापडते. आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर घ्याच. अपडेट चालू असताना वीज गेली, तर पहिला फटका याच फायलींना बसतो.

प्रश्न : ‘एमएसव्हीसीपी140 डॉट डीएलएल’ सापडत नाही म्हणून एक प्रोग्रॅम उघडत नाही. ती एकच फाइल नेटवरून उतरवून टाकली तर चालेल? – एक वाचक, पणजी

उत्तर : नको. सुट्या डीएलएल वाटणाऱ्या साइटवरून काय येईल याचा भरवसा नाही. एसएफसीही इथे उपयोगाचं नाही, कारण ही फाइल ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ या वेगळ्या संचातली आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तो संच घ्या. 64 बिटच्या विंडोजवरही एक्स64 (64 बिटचा) आणि एक्स86 (32 बिटचा) असे दोन्ही बसवा, कारण जुने प्रोग्रॅम दुसराच मागतात.