‘हायपो’ की ‘हायपर’? उपसर्गांविषयी तुमचे प्रश्न

पत्रांचा गठ्ठा सोडून बसले, तेव्हा निम्म्याहून जास्त पत्रांत एकच गोंधळ दिसला. इंग्रजी शब्दाच्या आधी ‘इन’, ‘प्री’, ‘बाय’ किंवा ‘हायपो’ लागलं की अर्थ नेमका काय होतो? शाळेत आपण एक तक्ता पाठ करतो. डावीकडे उपसर्ग, उजवीकडे त्याचा एकच अर्थ. मग तोच तक्ता घेऊन आपण बँकेत, दवाखान्यात आणि बिल्डरच्या ऑफिसात जातो. मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना इंग्रजी शिकवते, आणि या तक्त्याने होणारं नुकसान मला वर्गात नेहमी दिसतं. म्हणून या वेळी सगळे उपसर्गांचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : लोणी काळभोरच्या डेपोतून निघणाऱ्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. माझा सातवीतला मुलगा म्हणतो, ‘इन’ म्हणजे नाही, मग हा न पेटणारा माल झाला. त्याला काय सांगू? (एक वाचक, हडपसर)

आधी हे सांगा की तो माल भडकन पेटणारा आहे. व्याकरण त्यानंतर.

लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, ‘इन्करेक्ट’मधला. दुसरा ‘आत’ किंवा ‘कडे’ या अर्थाचा. ‘इन्फ्लेमेबल’मधला ‘इन’ हा दुसरा, म्हणजे ज्वाळेत जाऊ शकणारा. अंगाला सूज येऊन आग होते, तिला डॉक्टर ‘इन्फ्लेमेशन’ म्हणतात. तो शब्द याच घरातला. तुमच्या मुलासारखीच चूक मोठ्या माणसांकडूनही होते, म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात ‘इन’ काढून नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहायचा आग्रह धरला. दोन्हींचा अर्थ एकच. न पेटणारं असेल तर ‘नॉन-फ्लेमेबल’ लिहितात.

आज घरी गेल्यावर थिनरचा डबा, नेलपॉलिश रिमूव्हर आणि सॅनिटायझरची बाटली मुलासमोर ठेवा आणि त्यांवरचा हा शब्द त्याला स्वतः शोधू द्या. कुठल्या डब्याबद्दल शंका असेल तर दुकानदाराला किंवा अग्निशमन दलाला विचारा. काडी लावून पाहू नका.

प्रश्न : ‘प्रीपोन’ हा शब्द चुकीचा आहे का? ऑफिसात वाद झाला. (एक वाचक, मगरपट्टा)

चुकीचा नाही. ऑक्सफर्डच्या कोशात तो भारतीय इंग्रजी म्हणून नोंदलेला आहे. परदेशातल्या माणसाला लिहिताना मात्र बैठक अलीकडे घेतली आहे असं सरळ लिहा आणि नवी तारीख द्या.

प्रश्न : ‘रिव्हर्ट बॅक’ लिहावं का? (एक वाचक, बाणेर)

नाही. ‘रि’मध्ये ‘मागे’ हा अर्थ आलेलाच आहे. आणि उत्तर हवं असेल तर ‘रिप्लाय’ लिहा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या नोटिशीत देखभाल शुल्क ‘बायमंथली’ भरा असं आहे. महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा? (एक सभासद, सहकारनगर)

दोन्ही अर्थ कोशात आहेत, आणि म्हणूनच पैशांच्या कागदावर हा शब्द वापरू नये. ‘बायवीकली’चंही तसंच. ‘बायअॅन्युअल’ म्हणजे वर्षातून दोनदा आणि ‘बायेनियल’ म्हणजे दोन वर्षांतून एकदा. हे दोन शब्द वेगळे असूनही लोक त्यांची सर्रास अदलाबदल करतात. नोटिशीचा अर्थ मी घरबसल्या ठरवू शकत नाही. सचिवांना लेखी विचारा आणि ‘दर दोन महिन्यांनी’ अशी मराठीत दुरुस्ती करून घ्या.

प्रश्न : मुलीसाठी एका क्लासची जाहिरात आली आहे. उपसर्ग-प्रत्ययांचा तक्ता पाठ केला की तीस दिवसांत पाच हजार शब्द येतील म्हणतात. फी नऊ हजार. घालू का? (एक पालक, बिबवेवाडी)

घालू नका.

तक्ता पाठ केलेली मुलगी ‘इन्फेमस’चा अर्थ ‘फारसा प्रसिद्ध नसलेला’ असा लिहिते, आणि त्याचा अर्थ आहे ‘कुप्रसिद्ध’. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल असं तिला वाटतं, तर तो शब्द अनमोल गोष्टीसाठी आहे. ‘अंकल’मधला ‘अन’ आणि ‘मिसाइल’मधला ‘मिस’ हे उपसर्गच नाहीत. ‘अंडरस्टँड’ तोडलं तर ‘खाली उभं राहणं’ एवढंच हाती लागतं. शब्द आधी पूर्ण भेटावा लागतो, वाक्यात, दोन-चार वेळा. त्यानंतर उपसर्ग त्याची ओळख पक्की करतो. हा क्रम उलटा करून विकणारे पालकांच्या काळजीवर पैसे कमावतात, आणि त्याची मला मनापासून चीड आहे.

अप्पा बळवंत चौकात जा आणि शाळेसाठीचा एक चांगला इंग्रजी-मराठी कोश घ्या. मुलीला रोज एक पान वाचू दे, अडलेले पाचच शब्द वहीत उतरवू दे. कुठला कोश घ्यावा हे तिच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना विचारा. त्या तिला ओळखतात, जाहिरात देणारा ओळखत नाही.

प्रश्न : मी संस्कृत शिकवत असे. इंग्रजीतला ‘अन’ आणि आपला ‘अ/अन्’ यांचं नातं खरं की योगायोग? (एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ)

खरं, सर. एकाच मूळ भाषाकुळातून दोन्ही आले आहेत. ग्रीकमध्ये तर नियमही आपलाच आहे. आपण व्यंजनापूर्वी ‘अ’ लावतो तसा अज्ञान, स्वरापूर्वी ‘अन्’ लावतो तसा अनादर. ग्रीकांनी तेच केलं, म्हणून इंग्रजीत ‘एथिइस्ट’ (नास्तिक) आणि ‘अनार्की’ (अराजक) असे दोन रूपांतले शब्द आले. आपला ‘परि’ म्हणजे ग्रीक ‘पेरि’; परिमिती आणि पेरिमीटर शेजारी ठेवून पाहा. ‘दुस्’ म्हणजे ‘डिस’, पण फक्त वाय घालून लिहिलेला, ‘डिस्लेक्सिया’तला. ‘डिसअॅग्री’तला आय घालून लिहिलेला ‘डिस’ लॅटिन आहे आणि वेगळा आहे. देवनागरीत दोन्ही एकसारखे दिसतात, म्हणून फसगत होते. ‘सेमीफायनल’मधला ‘सेमी’ आपल्या ‘सामि’चा, म्हणजे ‘अर्धा’चा, भाऊ. आपट्यांच्या संस्कृत कोशात ‘सामि’ मिळेल.

पण कानाला सारखं लागलं म्हणजे नातं असं नव्हे. ‘अति’ आणि ‘अँटी’ यांचा एकमेकांशी संबंध नाही. या विषयावर फिरणाऱ्या लांबलचक याद्या पुढे पाठवण्याआधी डेक्कन कॉलेजातल्या भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना दाखवाव्यात, अशी विनंती.

प्रश्न : आईच्या थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये टीएसएच ‘हाय’ आलं आहे. म्हणजे हायपर ना? नात्यातल्या एकांनी गोळी बंद करायला सांगितलं आहे. (एक वाचक, कोथरूड)

गोळी बंद करू नका. पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

आता सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. ‘हायपो’ म्हणजे खाली, कमी. ‘हायपर’ म्हणजे वर, जास्त. दोन्ही ग्रीक. आपल्याकडे त्यांची सख्खी भावंडं आहेत: ‘हायपो’चा ‘उप’ आणि ‘हायपर’चा ‘उपरि’. कातडीखाली टोचायच्या सुईला ‘हायपोडर्मिक’ म्हणतात. ‘उपर्युक्त’ म्हणजे वर सांगितलेलं. ‘उपरि’तला ‘र’ आणि ‘हायपर’मधला ‘र’ जोडून ठेवा. र आला की वर. माझ्या विद्यार्थिनींना मी हे पहिल्याच आठवड्यात शिकवते.

तुमच्या आईच्या कागदावरची अडचण मात्र वेगळी आहे. टीएसएच हे संप्रेरक (हार्मोन) थायरॉइड ग्रंथीतून येत नाही. ते मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला ‘काम कर’ असं सांगतं. थायरॉइड मंदावली, तिचं संप्रेरक कमी पडलं, की पिट्युटरी जास्त जोराने सांगू लागते आणि टीएसएच वाढतं. म्हणजे कागदावर ‘हाय’ आणि आजार बहुधा ‘हायपो’. ‘हाय’ वाचून ‘हायपर’ म्हणणं सहज घडतं आणि ते नेमकं उलट असतं. ‘बहुधा’ म्हणते, कारण क्वचित पिट्युटरीतच दोष असतो. बाकीचे आकडे आणि समोरचा माणूस पाहून हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

माझ्या शेजारच्या काकूंचं हेच झालं. रिपोर्ट घेऊन त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा कागदाला चार घड्या पडल्या होत्या. टीएसएचसमोर १४.२, जाड ठशात, बाजूला इंग्रजी एच. त्यांच्या भाच्याने फोनवर ऐकून ‘हायपर आहे, गोळीनेच वाढलं’ असं सांगितलं होतं आणि काकूंनी तीन आठवडे गोळी घेतली नव्हती. चेहरा सुजलेला, आवाज जड, भर मे महिन्यात अंगावर शाल. त्यांची औषधाची चिठ्ठी मागितली, तर तिच्यावर ‘हायपो’ स्वच्छ लिहिलेलं होतं. शेवटचं अक्षर कोणी वाचलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

साखरेच्या बाबतीत तर एवढाही वेळ मिळत नाही. ‘हायपोग्लायसेमिया’ म्हणजे रक्तातली साखर उतरणं, साधारण दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखर किंवा ग्लुकोज लगेच द्यावं लागतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा. ‘हायपर’ समजून साखर द्यायची थांबलात तर काय होईल, याचा विचार करा.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. फोनवर, रिक्षातून, रस्त्याच्या आवाजात हे दोन शब्द उच्चारूच नका. ‘साखर कमी झाली’, ‘बीपी वाढलं’, ‘थायरॉइड मंद आहे’ असं मराठीत सांगा. रिपोर्टचा फोटो पाठवा, ऐकीव सांगू नका. औषध सुरू करणं, थांबवणं किंवा अर्धं करणं हे फक्त डॉक्टरांचं काम. माझंही नाही.

प्रश्न : वाघोलीत ‘प्री-लाँच’ दरात फ्लॅट मिळतो आहे. ‘प्री-अप्रूव्ह्ड’ कर्जाचाही मेसेज आला. घ्यावं का? (एक वाचक, विमाननगर)

‘प्री’ म्हणजे आधी. कशाच्या आधी, हे विचारायचं. ‘प्री-लाँच’ बहुतेकदा नोंदणीच्याही आधीचं असतं. २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम ३नुसार नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची जाहिरात किंवा बुकिंग नोंदणीआधी करता येत नाही. महारेराचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायलाही याच कायद्याने मनाई आहे. ‘प्री-अप्रूव्ह्ड’ म्हणजे मंजूर नव्हे. कागद तपासून बँक नाही म्हणू शकते. ‘प्री-ओन्ड’ गाडी म्हणजे जुनी, वापरलेली गाडी. जाहिरातवाल्यांना ‘प्री’ आवडतो, कारण तो ‘जुनं’ आणि ‘अजून नाही’ हे दोन्ही झाकतो. टोकन देण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

प्रश्न : ‘इररिव्होकेबल’ मुखत्यारपत्रावर मागच्या महिन्यात सही केली. आता अर्थ सांगाल का? (एक वाचक, धायरी)

मागे घेता न येणारं. नकाराचा ‘इन’ आर या अक्षरापुढे ‘इर’ होतो, एलपुढे ‘इल’, पी-बी-एमपुढे ‘इम’. हा प्रश्न सहीच्या आधी यायला हवा होता. खरोखर किती मागे घेता येतं हे कागदातल्या मजकुरावर आणि कायद्यावर ठरतं, शब्दावर नाही. आजच वकिलाकडे जा.

प्रश्न : दवाखान्याच्या पाटीवर ‘अँटीनेटल क्लिनिक’ आहे. बाळाच्या विरोधात? (एक वाचक, धनकवडी)

तो शब्द ‘अँटे’, ई घालून लिहिलेला, म्हणजे ‘आधी’. बाळंतपणाच्या आधीची तपासणी. घड्याळातल्या ‘एएम’मधला ‘ए’ हाच. पाटीवर आय असेल तर चूक त्यांना नम्रपणे दाखवा, तपासणी चुकवू नका.

प्रश्न : माझ्या स्कूटरच्या आरसी बुकावर ‘हायपोथेकेशन’ आहे. कर्ज फिटून दोन वर्षं झाली. याचा त्या ‘हायपो’शी संबंध आहे का? (एक वाचक, येरवडा)

आहे. ‘खाली ठेवणं’, म्हणजे गाडी तुमच्याकडे पण बँकेच्या तारणाखाली. कर्ज फिटलं तरी ही नोंद आपोआप जात नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन ती काढून घ्यावी लागते, नाहीतर गाडी विकताना अडेल. दोन वर्षं गेली आहेत. या आठवड्यात बँकेत जा, तिथून संगम पुलाजवळच्या आरटीओत, आणि आणखी कोणते कागद लागतील ते खिडकीवरच विचारा, बाहेरच्या एजंटाला नको.