स्नोडन हॉर्सशू एका दिवसात जमेल का?

प्रश्न: वेल्समधल्या स्नोडन हॉर्सशूची (घोड्याच्या नालेच्या आकाराची डोंगरवाट) चारही शिखरं एका दिवसात होतात का? चालायची सवय आहे, पण उंचीची जरा धास्ती वाटते.

उत्तर: होतात की! पेन-इ-पास खिंडीतून निघून परत तिथेच, साधारण ११-१२ किलोमीटर, सात-आठ तास धरा. पण खरी कसोटी पहिल्यालाच, क्रिब गॉख शिखराची (९२३ मीटर) धार इतकी अरुंद की बरेचजण माथ्याचा दगड कठड्यासारखा हाताने धरून जरा खालून पाय टाकत सरकतात, आणि मध्येच मागे फिरणं पण अवघडच, त्यामुळे धास्ती असेल किंवा वारा-पाऊस असेल तर तिकडे फिरकूच नका, सरळ पिग ट्रॅक या पायवाटेने स्नोडन (१०८५ मीटर) गाठा. उतरताना लिवेद या शेवटच्या शिखराला हलक्यात घेऊ नका, तोवर पाय पार दमलेले असतात.