वही राहू द्या, आधी त्या मुलाकडे जा

ताई, प्रभूच्या नावात सलाम. मी चौदा वर्षं मंडळीत संडे स्कूल घेते. तीन वर्षांपूर्वी नवे पाळक आले. सुरुवातीला सगळ्यांना आवडले, मलाही. मग हळूहळू त्यांच्या संदेशांचा सूर बदलत गेला. आजार आणि गरिबी ही विश्वास कमी असल्याची खूण, असं ते आता उघड सांगतात. 'मी बरा झालो' असं तोंडानं कबूल करत राहा, शंका आणलीत की आशीर्वाद गेला, असं म्हणतात. दानाला 'बी पेरणं' म्हणतात आणि ते किती पटीनं उगवेल हेही सांगतात. त्यांच्या संदेशांतल्या चुका मी वचनांसकट एका वहीत लिहून काढल्या आहेत, साठ पानं भरली. मंडळीच्या वडिलांना, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, वही दाखवली, तर 'अभिषिक्ताला, म्हणजे देवानं नेमलेल्याला, हात लावू नये' एवढंच म्हणाले. मुलांच्या वर्गातही आता हेच शिरलंय. परवा एका नऊ वर्षांच्या मुलानं विचारलं, माझा विश्वास कमी आहे म्हणून आई बरी होत नाही का? मी विषय बदलला आणि गाणं घेतलं. चौथ्या शतकातल्या बिशप अथनासियससारखी मी एकटी पडले आहे. वार्षिक सभेत ही वही सर्वांसमोर वाचून दाखवू, की मंडळी सोडून देऊ?
– सत्यासाठी व्याकुळ झालेली एक भगिनी

प्रिय भगिनी,

'मी विषय बदलला आणि गाणं घेतलं.' तुमच्या पत्रात मी या वाक्यावर अडले. पुढचं सगळं मला नंतर पुन्हा वाचावं लागलं, कारण डोक्यात तो मुलगाच होता.

वहीची किती पानं भरली हे तुम्ही कळवलंत. त्या मुलाच्या आईला काय झालंय, हे पत्रात कुठेच नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे का? की विचारायचं राहून गेलं?

मला तुमचा राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. तुमच्या पाळकांची शिकवण चुकीची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती कुठवर पोचली आहे ते पाहा. एक लेकरू रात्री आईसाठी प्रार्थना करतं, सकाळी आई तशीच असते, आणि आपल्यातच काहीतरी खोट आहे असा हिशेब ते मनात मांडतं. हा हिशेब कुणाला तरी विचारून पाहावा म्हणून तो पाळकांकडे गेला नाही, मंडळीच्या वडिलांकडे गेला नाही, तुमच्याकडे आला. साठ पानांत तुम्ही जे लिहिलंय, ते सगळं त्यानं एका प्रश्नात विचारलं. आणि तुम्ही टाळ्या वाजवून गाणं सुरू केलंत.

शिक्षक गप्प बसला की मुलं त्याचा अर्थ 'हो' असा घेतात. चौदा वर्षं वर्ग घेतल्यावर हे तुम्हाला मी सांगायला नको. तो त्या दिवशी 'हो' ऐकून घरी गेला.

लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, हे येशूचं बोलणं आपण नेहमी खोट्या शिक्षकांकडे बोट करून वाचतो. याकोबही आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बजावतो की शिक्षक होण्याची घाई नको, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय जास्त कडक होणार. तिथे त्यानं व्यासपीठावरचा शिक्षक आणि संडे स्कूलमधला शिक्षक असा फरक केलेला नाही. यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायातला पहारेकरी आठवा. तलवार येताना त्याला दिसते, पण तो शिंग फुंकत नाही, म्हणून देव त्याच्याकडे जाब मागतो. तुम्हाला तर तलवार दिसली, कुठून येतेय तेही कळलं, आणि तुम्ही ते वहीत टिपून घेतलंत.

तुम्ही मुद्दाम असं केलं नाही, हे मला कळतं. त्या क्षणी घाबरलात. पाळकांच्या विरोधात मुलांसमोर कसं बोलायचं, उद्या ते घरी जाऊन काय सांगतील, हे सगळं एका श्वासात मनात आलं असणार. पण त्या मुलाला पाळकांविषयी काहीच ऐकायचं नव्हतं. त्याला आईविषयी ऐकायचं होतं.

म्हणून एकच सांगते, आणि ते येत्या रविवारच्या आत करा. त्याच्या घरी जा. आधी आईची चौकशी करा, तिच्याजवळ बसा. मग तिच्यादेखत त्याला सांगा, 'त्या दिवशी तू विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही, ती माझी चूक झाली. उत्तर 'नाही' असं आहे. तुझ्यामुळे आई आजारी नाही. तुझा विश्वास कमी पडला म्हणून ती बरी व्हायची थांबलेली नाही.' एवढं सरळ, एवढ्याच शब्दांत. फाटे फोडू नका, 'पण देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत' असलं काही त्याला जोडू नका. त्याला स्वच्छ 'नाही' ऐकू येऊ द्या.

मग त्याला नाईन गावच्या विधवेची गोष्ट वाचून दाखवा, लूकच्या सातव्या अध्यायातली. तिचा एकुलता एक मुलगा मेला होता, तिरडी वेशीतून बाहेर निघाली होती. येशूला कुणी हाक मारली नाही, कुणी विनवणी केली नाही, कुणी विश्वासाची कबुली दिली नाही. मेलेला मुलगा तर काय विश्वास ठेवणार? येशूनं त्या आईकडे पाहिलं, त्याला तिचा कळवळा आला, तो पुढे झाला आणि त्यानं तिरडीला हात लावला. बेथेस्दा तळ्याकाठचा, अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस बरा झाला तेव्हा आपल्याला कुणी बरं केलं हेही त्याला माहीत नव्हतं. आणि मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप, ज्यानं आपला विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच वाक्यात येशूपुढे ठेवले, त्याला येशूनं आधी शंका सोडून ये असं सांगून परत पाठवलं नाही. त्याच्या मुलाला बरं केलं.

बरे न झालेल्यांविषयीही त्याला एक दिवस सांगावं लागेल, आणि शास्त्रात ते लपवलेलं नाही. पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी अवस्थेत मागे ठेवलं. एपफ्रदीत पुढे बरा झाला, पण आधी मरणाच्या दारात पोचला होता, आणि फिलिप्पैकरांना लिहिताना पौल त्याच्या विश्वासाविषयी चकार वाईट शब्द काढत नाही, उलट त्याचा मान राखा म्हणतो. तीमथ्य वरचेवर आजारी पडायचा. त्याला पौलानं बरा झाल्याची कबुली द्यायला सांगितलं नाही, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला. आणि खुद्द पौलानं आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा राहिला. तुमच्या पाळकांची फूटपट्टी लावली तर पौलाचा विश्वास सगळ्यांत कमी ठरेल.

याकोबाच्या पाचव्या अध्यायातलं वचन ते नक्की वापरत असतील, विश्वासाची प्रार्थना दुखणेकऱ्याला वाचवील हे. ते पुन्हा उघडून नीट वाचा. आजाऱ्यानं काय करायचं? मंडळीच्या वडिलांना बोलवायचं. प्रार्थना कुणी करायची? वडिलांनी, तेल लावून, त्याच्या उशाशी. म्हणजे तिथे ज्या प्रार्थनेविषयी लिहिलंय ती बोलावलेल्यांची आहे. विश्वासाचा भार याकोबानं बिछान्यावरच्या माणसाच्या उरावर ठेवलेला नाही, त्याच्या लहान मुलाच्या उरावर तर नाहीच. तुमच्या वडिलांना 'अभिषिक्त' आठवले. त्या आईच्या घरी तेल घेऊन त्यांच्यातलं कुणी गेलं का, हे त्यांना जरूर विचारा.

एक मात्र सांभाळा. देव बरं करतो, आजही करतो, असं मी मनापासून मानते. चुकीच्या शिकवणीच्या रागापोटी आजाऱ्यासाठी प्रार्थना करणंच सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती वाट आणखी कोरडी आहे. त्या घरात गेलात की तिच्यासाठी प्रार्थना करा. ती बरी व्हावी म्हणूनच मागा, हातचं राखून मागू नका.

ही शिकवण कुठून आली, हे वडिलांना सांगता यावं म्हणून थोडक्यात लिहिते. तोंडानं कबूल केलं की आरोग्य आणि संपत्ती पदरात पडते, हा विचार आजच्या रूपात विसाव्या शतकातल्या अमेरिकेतून पसरला. ई. डब्ल्यू. केनियन (1867–1948) यांच्या लिखाणात त्याची मुळं आहेत, आणि केनेथ हेगिन (1917–2003) यांनी तो जगभर नेला. लोझान या जागतिक ख्रिस्ती सुवार्ता चळवळीतल्या आफ्रिकी ईश्वरविज्ञान अभ्यासकांनी 2008 आणि 2009 मध्ये घानातल्या अक्रोपाँग इथे बसून यावर एक निवेदन तयार केलं. देवाचं सामर्थ्य आणि चमत्कार त्यांनी नाकारले नाहीत. पण माणसाचं आत्मिक आरोग्य त्याच्या पैशाअडक्यावरून मोजणं शास्त्राला धरून नाही, आणि ही शिकवण गरिबालाच त्याच्या गरिबीचा दोषी ठरवते, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. ही शिकवण ज्यांनी आपल्या मंडळ्यांमध्ये जवळून पाहिली, अशा माणसांचं हे बोलणं आहे.

पण याहून कितीतरी आधी ईयोबाचे मित्र हेच सांगत होते. तू भोगतोयस, म्हणजे तुझ्यातच काहीतरी असणार. पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप ईयोबावर नाही, अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर झाला, कारण ते देवाविषयी जे बोलले ते बरोबर नव्हतं. आजाऱ्याला दोषी ठरवणारी शिकवण आजाऱ्याला दुखावते, आणि त्याआधी देवाविषयी खोटं बोलते. तो मुलगा आज ज्या देवाची प्रार्थना करतोय, तो त्याला परीक्षेत नापास करणारा वाटतोय. राखायचा विश्वास तो हाच, भगिनी. यहूदा आपल्या पत्रात ज्याच्यासाठी झटा म्हणतो, तो त्या नऊ वर्षांच्या छातीत आहे आणि आत्ता डळमळतोय.

'अभिषिक्ताला हात लावू नये' याचं उत्तर छोटं आहे. शौल राजा देवाचा अभिषिक्त, म्हणून दावीदानं त्याला मारलं नाही, हे खरं. पण त्याच अध्यायात, 1 शमुवेल 24 मध्ये, तो त्याच्या झग्याचा कापलेला तुकडा हातात धरून, माणसांदेखत, त्याचा अन्याय त्याला तोंडावर सांगतो. पौलानंही अंत्युखियात पेत्राला सर्वांसमोर अडवलं. हात न लावणं आणि तोंड न उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वडिलांना हे ठाऊक असायला हवं होतं.

आता अथनासियस. पाच वेळा हद्दपार झाला म्हणून तो तुम्हाला जवळचा वाटतो. पण तो 328 पासून 373 मध्ये मरेपर्यंत आलेक्सांद्रियाचा बिशप होता, आणि पुनरुत्थानाच्या सणाआधी आपल्या मंडळ्यांना पत्रं लिहायचा. नव्या कराराची आपण आज वाचतो नेमकी तीच 27 पुस्तकं एका यादीत दिसतात ती त्याच्या 367 च्या अशाच एका सणाच्या पत्रात, लोकांनी काय वाचावं हे समजावून सांगताना. ख्रिस्ताचं पूर्ण देवपण नाकारणाऱ्या आरियसवाद्यांशी त्याचं भांडण चालूच होतं, पण आपल्या हाती सोपवलेल्या लोकांना शिकवणं त्यानं सोडलं नाही. तुमच्या हाती तो वर्ग सोपवला आहे.

तर येत्या रविवारी वर्गात नाईनची गोष्ट घ्या. त्याच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या मुलांना द्या, त्याचं नाव न घेता, कारण तो प्रश्न आणखी किती जणांच्या पोटात आहे कोण जाणे. आणि वर्ग सुटल्यावर स्वतः पाळकांकडे जाऊन सांगा की मी आज मुलांना हे शिकवलं, हे का शिकवलं, आणि यापुढेही हेच शिकवणार आहे. चोरून काही करू नका. शक्य झालं तर त्या मुलाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत त्यांच्यासमोर ठेवा. साठ पानांनी जे होणार नाही ते कदाचित त्यानं होईल. तेही कुणाचे तरी वडील असतील, आणि आपलं बोलणं लेकरांत जाऊन काय होतं हे त्यांना आजवर कुणी सांगितलंही नसेल. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांनी अपुल्लोस या उपदेशकाला असंच जवळ घेऊन समजावलं होतं, आणि त्यानं ऐकलं. तुमचे पाळक ऐकतील याची मी हमी देत नाही. त्यांनी वर्ग काढून घेतला तर मला लिहा, मग मंडळी सोडण्याविषयी बोलू. त्याआधी तो प्रश्न मला विचारू नका.

वही सभेत वाचायची नाही. त्या सभेत ती आई बसलेली असेल, आणि तिच्या दुखण्यावर दोन गट हातवारे करत भांडतील.

आणि घरी जाल तेव्हा एक गोष्ट नक्की विचारा. तिचे उपचार चालू आहेत का? 'मी बरी झाले' अशी कबुली दिल्यावर गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं मानून औषध बंद करणारी माणसं या शिकवणीत सापडतात. तिनं बंद केलं असेल तर तिथेच बसून तिला सांगा की लूक स्वतः वैद्य होता आणि पौलानं त्याला 'प्रिय वैद्य' म्हटलंय. मग तिच्या घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन जा, तुम्ही स्वतः बरोबर जा. रविवारची वाट पाहू नका.

तुमची ताई