बचत गटाच्या सचिव आहात, मग ‘अनुभव नाही’ कशाला लिहिलंत?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बी.ए. झालंय, एमएस-सीआयटी केलंय, बरीच वर्षं गावातल्या बचत गटाच्या सचिव आहात. आता तालुक्याच्या पतसंस्थेत लिपिकाची जागा निघाली आहे, तिची मुलाखत आधी. त्यानंतर एका मायक्रोफायनान्स, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना छोटी कर्जं देणाऱ्या, कंपनीत क्षेत्र अधिकाऱ्याची. बायोडेटात ‘अनुभव : नाही’ लिहिलंय, खाली ‘मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड’. आणि ‘तुमची स्ट्रेंथ काय?’ असं विचारलं तर काय सांगायचं, हे सुचत नाही.

मी पतसंस्थेत शाखाधिकारी होते, अशाच जागांच्या मुलाखती घ्यायला बसायचे. ती ‘अनुभव : नाही’ ओळ आधी खोडा. ती खरी नाही. मेहनती आणि प्रामाणिक हेही काढलंत तरी चालेल. आलेल्या प्रत्येक अर्जात ते असतं, आणि त्यात तपासून बघण्यासारखं काही नसल्यामुळे वाचणारा थेट पुढच्या ओळीवर जातो.

आपल्यात काय चांगलं आहे हे डोळे मिटून आठवत बसू नका. गटाचं दप्तर समोर घ्या. बैठकीची नोंदवही, बचत-कर्जाची नोंदवही, रोकड वही, सदस्यांची पासबुकं. एकेक पान उलटताना एवढंच विचारा : हे काम कोणी केलं, आणि त्या दिवशी मी नसते तर काय अडलं असतं? उत्तर आलं की ते साध्या वाक्यात लिहून काढा. ठराव तुम्ही लिहिलात, बँकेत भरणा तुम्ही केलात, कर्जाच्या प्रस्तावाची कागदपत्रं तुम्ही जमवलीत, शाखेत खेटे तुम्ही घातलेत. घरची कामं सांभाळून केलं म्हणून ते काम कमी होत नाही.

एक उदाहरण देते. तुमच्या गटात शेकड्याला महिना 2 रुपये व्याज आहे असं धरू. एखादीने 10,000 रुपये घेतले, दरमहा 1,000 मुद्दल फेडायचं. उरलेल्या मुद्दलावर व्याज लावलं तर पहिल्या महिन्यात 200, मग 180, असं करत दहा महिन्यांत एकूण 1,100 रुपये होतं. तेच सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर लावत राहिलं तर 2,000. हा 900 रुपयांचा फरक तुम्ही बायकांना बोटांवर समजावून सांगता. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आलेली मुलं या प्रश्नाला अडखळताना मी पाहिली आहेत. तुम्हाला ते येतं, म्हणून ते सगळ्यांनाच येत असणार असं तुम्ही धरून चाललात. बहुतेक बायकांचं इथेच चुकतं.

आता बायोडेटात अनुभवाच्या जागी असं काहीतरी येऊ द्या : ‘सचिव, महिला बचत गट, अमुक सालापासून. अमुक सदस्यांची मासिक बचत व कर्जफेड रोखीने जमा करणे, त्याच दिवशी नोंदी करून रोकड जुळवणे, बँकेत भरणा, बँक कर्जाचा प्रस्ताव तयार करणे.’ आकडे तुमचे घाला, वहीत आहेत तेवढेच. गटाने बँकेचं कर्ज वेळेत फेडलं असेल तर रक्कम आणि साल लिहा. थकबाकी असेल तर बायोडेटात नको, पण विचारलं तर लपवू नका.

मुलाखतीत पतसंस्थेच्या लोकांच्या मनात मुख्यतः एकच धास्ती असते : रोकड. त्यामुळे ‘जमा मोजल्यावर 300 रुपये कमी आले तर काय कराल?’ असं काहीतरी येणारच. पुष्कळ जणी अभिमानाने सांगतात, ‘मी माझ्या पदरचे घालून मिटवलं.’ त्यांना वाटतं यातून सचोटी दिसते. समोरच्याच्या मात्र पोटात गोळा येतो, कारण आज पदरचे घालून वही जुळवणारी व्यक्ती उद्या चूक झाकेल अशी भीती असते. तुम्ही गटात जे करता तेच सांगा : कोणाला उठू दिलं नाही, पासबुकं आणि वही ताडून पाहिली, फरक सापडला नाही तर तूट म्हणून नोंद केली आणि अध्यक्षांची सही घेतली. असा एखादा प्रसंग खरोखर घडला असेल तर तोच सांगा. ‘स्ट्रेंथ’च्या प्रश्नाचंही उत्तर तेच.

मायक्रोफायनान्सवाल्यांचं जरा वेगळं. त्यांना वसुली हवी असते, पण नियमात बसणारी. हप्ता थकवणाऱ्या बाईशी तुम्ही कसं बोललात, गटासमोर तिचा पाणउतारा न करता पैसे कसे आले, हे सविस्तर सांगा. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्स कर्जाविषयीचे सध्याचे निर्देश वाचून जा. त्यात सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर कर्जदाराला फोन करण्याला मनाई आहे. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नयेत, असंही आहे. क्षेत्र अधिकाऱ्याला हे रोज लागतं. दुचाकी चालवता येत असेल आणि परवाना असेल तर तेही ठळक लिहा, गावोगाव फिरायचं काम आहे.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. पुरावा म्हणून गटाची वही किंवा तिचे फोटो घेऊन जाऊ नका. कोणाकडे किती कर्ज आहे ही त्या बायकांची खासगी बाब आहे, आणि ती सहज दाखवणाऱ्या बाईला लिपिक म्हणून कोण ठेवेल? काल्पनिक नावं घालून एक पान स्वतःच्या अक्षरात तयार करा. गटाचा ठराव करून अध्यक्षांच्या सहीचं अनुभवाचं पत्र घ्या. गट उमेदचा (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळ) असेल तर तुमचं काम पाहिलेल्या कार्यकर्तीचंही पत्र मागा, द्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

संगणकाचं तुम्ही शेवटी घाईत लिहिलंय. प्रमाणपत्र आहे हे ठीक, पण सवय सुटली असेल तर लगेच कळतं. ते काल्पनिक पानच एक्सेलमध्ये घाला, शिल्लक सूत्राने काढा, तपशील मराठीत टाइप करा. हे या आठवड्यात उरका. मायक्रोफायनान्सच्या मुलाखतीची तारीख कळली की सांगा, तिची तयारी वेगळी करू.